उलटा पंखा आणि विहिरीवरची शेड

विहीर शेवटी सापडली. पाणी होतं, चांगलं हिरवंगार होतं, आणि सोपानराव काठावर ओणवे होऊन त्यात आपलं तोंड बघत बसले.

असं काही झालेलं नाही. विहिरीचा इथे संबंधच नाही. ही गोष्ट पंख्याची आहे, आणि पंख्याखाली झोपू पाहणाऱ्या धम्मरत्नची आहे. वाचकाने विहीर डोक्यातून काढून टाकावी.

धम्मरत्न चाकणच्या एका मोटारींच्या कंपनीत कंत्राटावर होता. काम सोपं होतं. गाडी समोर यायची, तो तिच्या पुढच्या डाव्या चाकाचे नट आवळायचा, पाना ‘टक’ करायचा, मग प्रत्येक नटवर पिवळ्या पेनने एक रेघ ओढायची आणि गाडीला जाऊ द्यायचं. मागून दुसरी यायची. ती पहिलीसारखीच दिसायची. हे सगळं रात्रपाळीत चालायचं. पाळ्या बदलत असतात असं कंपनी म्हणायची, आणि बदलतही असतील, पण त्याची कधी बदलली नाही.

राहायला तो सोपानरावांकडे होता. सोपानरावांची कांद्याची वखार होती; जमीन कंपन्यांना गेल्यावर कांदा उरला नाही, वखार उरली. मग तिच्यात आडव्या भिंती घालून त्यांनी खोल्या पाडल्या. कांद्याला वारा लागतो म्हणून वखारीला पूर्वी फळ्याफळ्यांमध्ये फटी होत्या. माणसं ठेवायची ठरल्यावर सोपानरावांनी त्या बुजवून घेतल्या. माणूस काही कांद्यासारखा नासत नाही, आणि फटीतून बघतो तो वेगळाच.

वर पत्रा होता. सकाळी सगळे कामाला गेले की सोपानराव मेन स्विच पाडायचे आणि दिवेलागणीला वर करायचे. दिवसा खोलीत कोण असतं, असा त्यांचा विचार. दिवसा खोलीत धम्मरत्न असायचा. पण तो झोपलेला असायचा, आणि झोपलेल्याला लाईट कशाला, हा त्याच विचाराचा पुढचा भाग होता.

मुळात धम्मरत्न झोपलेला नसायचाच. तो पडलेला असायचा. पत्रा तापत जायचा, तसतसा खोलीतला वारा मागच्या दाराने पळून गेल्यासारखा नाहीसा व्हायचा, आणि खोलीला मागचं दार नव्हतं. दुपारपर्यंत त्याच्या गादीवर त्याच्या आकाराचा एक ओला माणूस तयार व्हायचा. त्या माणसाला मात्र झोप छान लागायची.

धम्मरत्नचे वडील साहेबराव पिंपरीतल्या कारखान्यात आयुष्यभर तिन्ही पाळ्या करून रिटायर झाले होते. लग्नाच्या बँडशेजारी, भीमजयंतीच्या डीजेसमोर, एकदा तर कासारवाडीच्या फलाटावर उभ्याने, असं ते कुठेही झोपले होते. त्यांनी फोनवर सांगितलं की झोपेच्या मागे लागायचं नसतं. आपण नुसतं पडायचं, ती आपली आपण येते. आणि ती आलीही. फक्त खोलीवर न येता कंपनीत आली. धम्मरत्न हातात पाना धरून उभा होता आणि गाडी आपल्या नटांसकट वाट बघून पुढे निघून गेली.

सुपरवायझर ज्योतीराम हा लातूरकडचा, मनाने वाईट नव्हता. त्याने गाडी परत आणवली, नट स्वतः आवळले, आणि धम्मरत्नला बाजूला घेऊन शांतपणे सांगितलं, “आज मी बघितलं नाही. परत दिसलास तर मला लिहावं लागंल, अन् एकदा लिहिलं की तू परत दिसायचा न्हाईस.”

म्हणजे धम्मरत्नची नोकरी जायला आता फक्त एक डुलकी पुरे होती.

शेजारच्या खोलीत अजीज राहायचा. त्याचं आंबेठाण चौकात बॅटऱ्यांचं दुकान होतं. त्याने सगळं ऐकून घेतलं, वर पत्र्याकडे बघितलं आणि म्हणाला, “भाई, ऊन तुला झोपू देत नाही ना? मग त्यालाच पंखा हलवायला बसव.”

त्याच्याकडे एक सोलरचं पॅनल पडून होतं, वहीच्या जोड पानांपेक्षा थोडं मोठं. हायवेच्या कडेला ‘सावकाश जा’ असं लुकलुकणाऱ्या पाटीवर ते पूर्वी होतं. पाटीवर एक ट्रक सावकाश न जाता गेला, म्हणून ते भंगारात आलं आणि भंगारातून अजीजकडे. बॅटरी माणच्या एका आयटीवाल्याच्या घरून निघालेली होती. अजीजने आधीच बजावून ठेवलं की बॅटरीला पहिल्या मालकाची सवय असते. ही मध्येच उठून बसली तर घाबरायचं नाही.

गुरुवारी त्या सगळ्या पट्ट्याला सुट्टी असते. इतर गावांत रविवारी जसं वाटतं तसं चाकणला गुरुवारी वाटतं: रस्ते रुंद होतात, आणि कंपन्यांच्या शेड आठवडाभर कपडे न बदललेल्या माणसांसारख्या नुसत्या बसून राहतात. त्या गुरुवारी दोघं पत्र्यावर चढले. पॅनल दक्षिणेकडे तोंड करून, जरा तिरकं, तारेने आवळून बांधलं. पत्रा इतका तापला होता की अजीज बोलताना सुद्धा पाय बदलत होता. वायर खाली घेताना त्याने भोकाआधी तिला एक झोळ दिला, म्हणजे पावसाचं पाणी वायरीवरून आत न येता तिथूनच गळून जाईल. धम्मरत्नला तो झोळ फार आवडला. पाणी असं आदराने बाहेर थांबवलेलं त्याने कुठे बघितलं नव्हतं.

खाली भिंतीवर कंट्रोलर लावला. हा एक छोटा डबा असतो. बॅटरीचं पोट भरलं की तो पॅनलला बस म्हणतो, आणि बॅटरी उपाशी पडायला लागली की पंख्याला बस म्हणतो. घरात एखादी मोठी बहीण असते तसा. अजीजने क्रम पढवला: आधी बॅटरी जोडायची, मग पॅनल, पंखा सगळ्यात शेवटी. बॅटरीच्या लाल वायरीत त्याने फ्यूज बसवला. फ्यूज म्हणजे काय ते त्याने सोपं करून सांगितलं: भांडण झालं की मध्ये पडून आधी मरणारा शेजारी. डब्यावर हिरवा दिवा लागला. दोघं त्याच्याकडे बघत राहिले. इतक्या उन्हाचा इतकासाच दिवा झाला होता.

तेवढ्यात दुकानातून फोन आला आणि अजीज गेला. राहिल्या होत्या पंख्याच्या दोन वायरी. पंखा बाजारातला होता, गाडीच्या मोटरवर कुणीतरी पाती बसवून बनवलेला, आणि त्याच्या दोन्ही वायरी पांढऱ्या होत्या.

इथे धम्मरत्नने तीच चूक केली जी चाकणचा कामगार करू शकतो, दुसरा कुणी नाही. त्याच्या कंपनीत चुकीचं काही बसतच नाही. प्रत्येक जोडाला खाच असते, कान असतात. उलटा धरला तर तो जातच नाही. नवीन माणसाला पहिल्या दिवशी हेच सांगतात की डोकं लावू नका, बसलं म्हणजे बरोबर. धम्मरत्नने पांढरी वायर एका भोकात घातली. बसली. दुसरी दुसऱ्यात घातली. तीही बसली. त्याने स्क्रू आवळले, जरा ओढून बघितलं आणि दोन्ही स्क्रूंवर पिवळ्या पेनने रेघ ओढली.

पंखा फिरायला लागला. उलटा.

आढ्याच्या पाइपाला लटकलेला तो पंखा हवा खाली टाकायच्या ऐवजी वर ओढत होता, हळू, कुरकुर न करता. धम्मरत्नला अंगावर वारा जाणवला नाही. त्याला उलट असं वाटलं की अंगातून काहीतरी वर जातंय. आधी घाम गेला. मग पाठीचा ठणका गेला. मग टक, टक करणारा तो आवाज, जो सुट्टीच्या दिवशी सुद्धा त्याच्या मनगटात वाजायचा, तो एकेक करून वर गेला आणि पात्यांत विरघळला. पुढे काय वर गेलं ते बघायला तो जागा नव्हता.

स्वप्नात तो कंपनीतच होता. पण लाईन मागे चालत होती. तयार गाड्या गेटमधून पाठमोऱ्या आत येत होत्या, दमून घरी आल्यासारख्या, आणि त्याच्यासमोर येऊन थांबत होत्या. तो नटवरची पिवळी रेघ पेनमध्ये परत ओढून घ्यायचा, पाना उलटा फिरवायचा, नट तळहातावर यायचे. गरम असायचे, नुकत्याच घातलेल्या अंड्यांसारखे. चाक निघायचं आणि आपलं आपण गडगडत बाहेर जायचं. पुढच्या माणसाने दार उतरवलं, त्याच्या पुढच्याने काच, रंगवाल्यांनी रंग परत डब्यात भरला. गाडीचा पत्रा झाला, पत्र्याची गुंडाळी झाली, गुंडाळ्या ट्रकवर चढल्या आणि ट्रक रिव्हर्समध्ये, पिप पिप करत, हायवेवर दिसेनासे झाले. मग लाईनही निघाली. मग छपरं. नाहीशी होता होता एका शेडने त्याला नमस्कार केला असंही त्याला वाटलं, पण त्याबद्दल त्याचा आग्रह नव्हता. शेवटी जवळजवळ नुसता माळ राहिला, वर ऊन, आणि उन्हात गवताचा वास. त्या वासात तो संध्याकाळपर्यंत पडून राहिला.

उठला तेव्हा त्याला आपलं नाव आठवायला थोडा वेळ लागला. इतकी चांगली झोप होती.

त्या आठवड्यात कंपनीत तो टक्क जागा होता. ज्योतीरामला संशय आला. काय घेतोस म्हणून त्याने विचारलं. धम्मरत्न म्हणाला, ऊन घेतो. ज्योतीरामने हे लिहून ठेवावं की नको याचा बराच विचार केला.

पुढच्या गुरुवारी अजीज आपलं काम बघायला आला, दारातच थांबला आणि मान वाकडी करून पंख्याकडे बघत राहिला.

“भावा, हा उलटा फिरतोय.”

“उलटा असता तर बसलाच नसता.”

“ते तुझ्या कंपनीत. बाजारात काय, सगळं सगळ्यात बसतं.”

त्याने दोन्ही वायरींची अदलाबदल केली. पंखा सुलटा झाला. काय वारा आला म्हणता. कॅलेंडर फडफडलं, गादीची चादर उठली, धम्मरत्नचे केस मागे गेले. त्या वाऱ्याखाली तो दिवसभर पडून होता, गार, आरामात आणि पूर्ण जागा. सुट्टी संपून रात्री पाळीवर गेला, तेव्हा पाना धरताना हात जड झाले. ज्योतीराम दोनदा जवळून गेला, आणि दोन्ही वेळा धम्मरत्नने डोळे इतके मोठे केले की त्यात धूळ गेली. सकाळी येऊन त्याने बूट न काढता वायरी परत उलट्या केल्या आणि नव्याने पिवळी रेघ ओढली. हे सांगितल्यावर अजीज हसला नाही. तो म्हणाला की त्याच्याकडेही एक गिऱ्हाईक येतं, त्याला बॅटरी लागत नाही, तो नुसता येऊन बसतो. सगळ्याचंच कारण वायरीत सापडत नाही.

मग सोपानरावांना पॅनल दिसलं.

ते अंगणात उभे राहून, हाताची सावली डोळ्यांवर धरून, बराच वेळ वर बघत होते. धम्मरत्न उठून बाहेर आला तसे त्यांनी विचारलं, “पत्रा कुनाचा?”

“तुमचा, काका.”

“मग पत्र्यावरचं ऊन कुनाचं?”

धम्मरत्नने प्रामाणिकपणे विचार केला. खोली घेताना उन्हाचं काही बोलणं झालं नव्हतं. सोपानरावांचं म्हणणं असं की एकदा जमीन दिली, तेव्हा खालचं पाणी आणि वरचं झाड कुणाचं हे विचारायचं राहून गेलं. तेव्हापासून ते विचारून घेतात. पॅनलला ते पाटी म्हणत होते, आणि ती पाटी आजच्या आज उतरवायची होती.

आता पाटी उतरली तर पंखा जाणार, पंखा गेला तर झोप जाणार, आणि झोप गेली तर ज्योतीराम लिहिणार. धम्मरत्नला विनवणी जमत नव्हती, म्हणून त्याने आपलं स्वप्नच सांगितलं. गाड्या कशा मागे येतात, रंग कसा डब्यात जातो, छपरं कशी सुटतात. सोपानराव अंगणातल्या दगडावर बसले. सोपानरावांच्या पत्नी अंबुबाई तांदूळ निवडत होत्या, त्यांचा हात ताटात तसाच थांबला.

सगळं सुटतं, धम्मरत्न म्हणाला, एक शेड सोडून. पाण्याच्या टाकीमागे निळ्या पत्र्याची आहे, ती तेवढी राहते.

बोलल्या अंबुबाई.

“तिथं आमची हिर हाय. हेंनी इकली. इकली ती इकली, पर माजी पितळंची कळशी होती आत, पडलेली. म्हनलं, आदी कळशी काडा, मंग सही करा. तर म्हनं सायब खोळंबल्यात.”

हे वाक्य त्या घरात रोज म्हटलं जात असावं, कारण सोपानरावांचे ओठही त्याच्याबरोबर हलत होते. मग ते धम्मरत्नला म्हणाले, आवाज खाली घेऊन, “पाटी ऱ्हाऊ दे. पर ती शेड काडून बग. हिर दिसली पायजे. पानी हाय का न्हाई, येवडंच सांग. न्हाई दिसली तर गुरुवारी पाटी खाली.”

विहिरीचा संबंध नाही असं वर म्हटलं होतं. तो असा आला; गोष्ट सांगणाऱ्याला कुणी विचारलं नाही.

धम्मरत्न झोपला. माळ झाला, गवताचा वास आला, आणि तो पाना घेऊन निळ्या शेडपाशी गेला. तिचे खांब काँक्रीटमध्ये मोठ्या बोल्टांनी रोवलेले होते. त्याने पाना लावला आणि त्याचा हात थांबला. हे त्याचं काम नव्हतं. त्याचं काम पुढचं डावं चाक. दुसऱ्याच्या कामाच्या बोल्टला परवान्याशिवाय हात लावायचा नाही, हा नियम त्याने जागेपणी कधी मोडला नव्हता, आणि जे जागेपणी कधी केलं नाही ते झोपेत एकदम कसं जमणार. शेजारी गवतात ज्योतीराम खुर्ची टाकून बसला होता. तो म्हणाला, वर्क परमिट आणलंस का? धम्मरत्न म्हणाला, नाही. ज्योतीराम म्हणाला, मग बस. दोघं संध्याकाळपर्यंत शेडकडे बघत बसले. आतून थेंब पडल्याचा आवाज येत होता, पण आवाज आला असं सांगून सोपानरावांचं भागणार नव्हतं.

आणि भागलंही नाही.

“सपनात बी परवानगी लागती?”

“कंपनी आहे, काका.”

दुसऱ्या दिवशी सोपानराव स्वतःच उशी घेऊन आले. वाट मी दाखवतो म्हणाले, आणि धम्मरत्नशेजारी सतरंजीवर आडवे झाले. पंखा त्यांच्यावरही फिरला, त्यांच्यातूनही काय काय वर गेलं असेल. त्यांचा चेहरा कांद्याची वरची साल निघाल्यासारखा गुलाबी दिसायला लागला. पण दुपारीच ते उठून बसले, आणि संतापलेले होते. त्यांना गेटवरच अडवलं होतं. गेटवरच्या पोराला त्यांनी सांगितलं, हे माजंच वावर हाय, ह्यो बांद मी घातलाय. पोरगा म्हणाला, हो बाबा, पण आधार कार्ड दाखवा. आधार कार्ड सदऱ्याच्या खिशात होतं आणि सदरा जागेपणी खुंटीवर होता.

त्यानंतर ते रोज दुपारी यायचे, सदरा घालून. एकदा गेटच्या आत गेले, तर व्हिजिटरला हेल्मेट लागतं असं निघालं. अंबुबाईंनी जेवणाच्या वेळी विचारलं की कळशी दिसली का. त्यांनी सांगितलं, अजून हेल्मेटपाशीच हाय. अंबुबाई म्हणाल्या, “जलमभर तिथंच हाय तुमी.”

धम्मरत्नला आता झोपायचीच धास्ती बसली. गुरुवार जवळ येत होता. शेडपाशी नुसतं बसून राहण्याने झोप पातळ व्हायला लागली, आणि कंपनीत तो पुन्हा गाडीच्या दिव्यांकडे जरा जास्तच वेळ बघायला लागला होता. शेवटी त्याने खऱ्या ज्योतीरामलाच गाठलं. पाळी सुटल्यावर, सकाळच्या उन्हात, चहाच्या टपरीवर, त्याने विचारलं की झोपेत एखादी शेड उतरवायची असेल तर परवाना कुठून मिळतो.

ज्योतीरामने चहा खाली ठेवला. तो हसेल असं धम्मरत्नला वाटलं होतं. पण ज्योतीरामची सगळी नोकरी परवान्यांत गेली होती, आणि परवान्याच्या बाबतीत तो जागं आणि झोपलेलं असा भेद करत नव्हता. त्याने विचारलं, उंचीवरचं काम आहे का? आहे. गरम काम, म्हणजे वेल्डिंग वगैरे? नाही, फक्त पाना. वेळ? दिवसा, जमलं तर गुरुवारी, लाईन बंद असताना. मग तो म्हणाला की हे त्याच्या सहीत बसत नाही, थेट वर अर्ज करावा लागेल, आणि अर्ज व्यवस्थित असला पाहिजे, नाहीतर तिथले लोक वाचत नाहीत. व्यवस्थित असला तर वाचतात का, हे धम्मरत्नने विचारलं नाही.

अर्ज सोपानरावांच्या अंगणात लिहिला गेला. अजीजने विजेची बाजू सांभाळली, अंबुबाईंनी कळशीचं वर्णन दिलं. सोपानरावांना त्यात आपल्या वडिलांचं नाव हवं होतं, कारण विहीर त्यांनी खोदली होती. ते घातलं. धम्मरत्नच्या सहीखाली सोपानरावांनीही सही केली, या खेपेला नीट वाचून. मग ते पॅनलकडे बघून म्हणाले की जबाब येईस्तोवर पाटी ऱ्हाऊ दे. अजीजने धम्मरत्नकडे बघितलं आणि पेनाला टोपण लावलं. धम्मरत्न आत गेला, पडला, आणि अर्जाची शाई वाळायच्या आत त्याला झोप लागली.

अर्ज असा:

प्रति, मा. प्लांट व्यवस्थापक यांस. विषय: झोपेत शेड उतरविण्याचा परवाना मिळणेबाबत. महोदय, आपल्या आवारातील पाण्याच्या टाकीमागील निळ्या पत्र्याच्या शेडखाली कै. रामभाऊ यांनी खोदलेली एक विहीर असून तीत एक पितळी कळशी, काठाला पोचा आलेली, पडून आहे. सदर शेड अर्जदार दर गुरुवारी दिवसा, उत्पादन बंद असताना, केवळ झोपेत उतरवील व जाग येण्यापूर्वी होती तशी उभी करील. पाना अर्जदाराचा राहील. लागणारी वीज अर्जदार स्वतःच्या पॅनलमधून घेईल, कंपनीवर तिचा भार पडणार नाही. प्रत्येक बोल्टवर पिवळी रेघ ओढण्यात येईल. तरी अर्जदारास सदर परवाना, तसेच सोबत येणाऱ्या एका वयस्कर इसमास गेट पास व त्यांच्या डोक्याच्या मापाचे एक हेल्मेट स्वप्नात उपलब्ध करून देण्यात यावे, ही नम्र विनंती.